विमान आधी कशाने भरतं: वजनाने की जागेने?

मालवाहू विमान किती मोठं, असं विचारलं की आपण पटकन टनांत उत्तर देतो. संशोधनात तेवढ्यावर भागत नाही. बोइंग ७६७-३००एफ हे मध्यम आकाराचं विमान घ्या. १९९५ मध्ये ते सर्वात आधी यूपीएस या कुरिअर कंपनीला मिळालं. ते साधारण ५२ टन माल नेतं आणि आत जागा असते सुमारे ४३८ घनमीटर. आता भागाकार करून बघा: दर घनमीटरला जवळपास ११९ किलो.

मालाची घनता याहून जास्त असेल तर वजनाची मर्यादा आधी येते. कमी असेल तर जागा आधी संपते. समजा, पार्सलं घनमीटरला १०० किलोची आहेत. विमान गच्च भरलं तरी वजन ४४ टनांच्या आतच! उरलेली आठेक टन क्षमता वापरताच येत नाही. म्हणूनच हवाई मालवाहतुकीत सहसा ६००० घनसेंटिमीटरला एक किलो धरतात आणि हे वजन व खरं वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडं लावतात.

आता तुमच्या प्रबंधाकडे वळा. इंधनाचा खर्च फक्त टन-किलोमीटरमागे मोजलात, तर हलकी पार्सलं नेणारं विमान उगाचच अकार्यक्षम ठरेल. दोष विमानाचा नसेल, मोजमापाचा असेल. त्यामुळे डेटा गोळा करण्याआधी स्वतःला विचारा: इथे आधी काय संपतं?