लोखंडाच्या गोळ्या विजेवर भाजता येतील का?

आजचा एपिसोड म्हणजे खरं तर एक दुरुस्ती आहे.

मागे स्टीलवर बोलताना मी घाईघाईत एक वाक्य टाकलं होतं, "भट्टीला कोळशाऐवजी वीज लावली की कार्बनचा प्रश्न सुटला." त्यावर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो पेलेट प्लांटमध्ये शिफ्टला असतो. त्याने दोनच गोष्टी विचारल्या, "ताई, कुठली वीज? आणि कुठला दगड?" मला उत्तर देता आलं नाही. मग बसून वाचलं, हिशेब मांडले. त्यातून जे समजलं ते आज सांगते. (ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी हे शब्दांकन. बोलतानाचं "अं... म्हणजे..." तेवढं काढलंय.)

पेलेट म्हणजे काय?

लोहखनिजात माती-सिलिका जास्त असेल तर ते पिठासारखं बारीक दळून स्वच्छ करावं लागतं. पण हे पीठ तसंच ब्लास्ट फर्नेसमध्ये टाकलं, तर हवा वर जायला जागाच उरत नाही. म्हणून त्याच्या गोळ्या करतात. पिठात थोडं पाणी आणि चिकटपणासाठी किंचित बेंटोनाइट माती घालायची आणि तिरप्या फिरत्या थाळीत सोडून द्यायचं. संक्रांतीचा हलवा परातीत हलवत हलवत दाणा मोठा होत जातो ना, साधारण तसंच. साधारण 8 ते 16 मिलिमीटरची गोळी तयार होते.

पण ही गोळी कच्ची असते, बोटाने दाबली तरी फुटते. म्हणून ती 1250 ते 1300 अंश सेल्सियसला भाजतात. या भाजणीतच बहुतेक कार्बन निघतो.

आधी प्रोफायलर लावूया

आमच्याकडे ॲप स्लो झालं तर आधी प्रोफायलर लावतात. वेळ नक्की कुठे जातोय ते कळल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. इथेही तसंच करू. पेलेट प्लांटमध्ये कार्बन तीन वाटांनी थेट बाहेर पडतो.

पहिली वाट बर्नरची. तिथे कोळसा, तेल किंवा गॅस जळतो.

दुसरी वाट गोळीच्या आतली. अनेक प्लांटमध्ये खनिजाच्या पिठातच कोकचा किंवा कोळशाचा चुरा मिसळतात, म्हणजे गोळी आतूनही तापते. एक टन गोळ्यांत 10 किलो कार्बन घातला, तर जळून त्याचा साधारण 37 किलो कार्बन डायऑक्साइड होतो.

तिसरी वाट चुनखडीची. चुनखडी किंवा डोलोमाइट घातलं असेल, तर ते तापल्यावर स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतं. शुद्ध चुनखडीच्या वजनाचा 44 टक्के भाग असा उडून जातो.

आता बघा, "भट्टीला वीज लावा" म्हणताना आपण फक्त पहिली वाट बंद करतोय. बाकीच्या दोन तशाच उघड्या राहतात.

कुठला दगड?

लोहखनिज मुख्यतः दोन प्रकारचं, मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट. मॅग्नेटाइटमध्ये ऑक्सिजन थोडा कमी असतो. भाजताना ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचं हेमॅटाइट होतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते. किती? टनामागे सुमारे 500 मेगाज्यूल, म्हणजे जवळपास 140 युनिट. एखाद्या छोट्या घराचं महिन्याचं वीजबिल साधारण एवढ्याच युनिटचं असतं. म्हणजे हा दगड स्वतःचं बरंचसं इंधन स्वतःच घेऊन येतो.

हेमॅटाइटचं तसं नाही. त्याचा ऑक्सिजनचा कोटा आधीच भरलेला. सगळी उष्णता बाहेरून द्यावी लागते आणि म्हणूनच आत कोकचा चुरा मिसळायची वेळ येते.

स्वीडनमध्ये काय चाललंय?

उत्तर स्वीडनमध्ये किरुना आणि मालम्बेरियेत एलकेएबी या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. तिथला दगड मॅग्नेटाइट. भाजणीची निम्म्याहून जास्त उष्णता दगडच देतो, त्यामुळे उरलेल्यापुरताच प्रश्न राहतो. 2020 मध्ये मालम्बेरियेत खनिज तेलाऐवजी जैविक तेल वापरून चाचणी झाली. लुलिओच्या प्रायोगिक भट्टीत प्लाझ्मा टॉर्चच्याही चाचण्या झाल्या. यात विजेच्या आर्कमधून वायू सोडतात आणि तो हजारो अंशांना तापतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण बर्नर काढून टॉर्च बसवला की झालं, असं नाही. ज्योत लांब असते, उष्णता पसरवते. टॉर्चची उष्णता एका जागी एकवटते. हवा इतकी तापली की तिच्यातल्या नायट्रोजनचे घातक ऑक्साइड बनतात, ते वेगळंच. हायड्रोजन जाळायचा दुसरा पर्याय आहे. पण एक किलो हायड्रोजन बनवायला साधारण 50 ते 55 युनिट लागतात आणि जाळून 33 च्या आसपास परत मिळतात.

आणि त्यांच्याकडे वीज कुठली? मुख्यतः पाणी, अणुऊर्जा आणि वारा. किरुनाहून नॉर्वेच्या सीमेकडे खनिज नेणारी रेल्वे 1915 मध्येच विजेवर आली, पोर्युसच्या जलविद्युत केंद्राच्या जोरावर. स्वच्छ वीज त्यांच्या दाराशी शंभर वर्षांपासून आहे.

कुठली वीज?

आता आपला हिशेब. समजा भट्टीला 100 युनिट उष्णता हवी आहे. गळती बाजूला ठेवू.

गॅस जाळला तर सुमारे 20 किलो कार्बन डायऑक्साइड.
कोळसा जाळला तर सुमारे 34 किलो.
भारतीय ग्रिडची वीज घेतली तर सुमारे 70 किलो, कारण आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो निघतो.

हा आकडा पाहून मी थांबलेच. आजच्या ग्रिडवर भट्टी विजेची केली, तर कार्बन कोळशाच्या दुप्पट! कारण सरळ आहे. वीजकेंद्रात कोळसा जाळून वीज करताना निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते आणि उरलेल्या विजेची आपण परत उष्णता करतो.

मग इलेक्ट्रिक गाडीला हा नियम का लागू नाही? कारण डिझेल इंजिनसुद्धा बरीचशी उष्णता वायाच घालवतं. चाक फिरवायचं असेल तर वीज लवकर परवडते. भाजायचं असेल तर ग्रिड आधी बराच स्वच्छ व्हावा लागतो.

स्वतःचं सोलर लावलं तर? भट्टी 24 तास चालते. रोज विझवून पेटवली तर आतल्या अग्निविटा तडकतात. म्हणजे रात्रीसाठी साठवण हवीच, बॅटरीची किंवा तापवलेल्या विटांची.

आपल्याकडे मग काय?

कर्नाटकात कुद्रेमुखला मॅग्नेटाइट होतं आणि त्याच्या गोळ्या मंगळूरला होत. पण तो भाग पश्चिम घाटाच्या जंगलातला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2005 च्या अखेरीस खाणकाम थांबलं, आणि योग्यच झालं. आपल्या गडचिरोलीत सुरजागडला हेमॅटाइट आहे. जुलै 2025 मध्ये तिथे हेडरी ते कोनसरी 85 किलोमीटरची स्लरी पाइपलाइन आणि कोनसरीचा पेलेट प्लांट सुरू झाला. दळलेलं खनिज पाण्यासोबत पंपाने जातं. हे काम चाक फिरवण्याच्या जातीचं, म्हणून ट्रकच्या डिझेलऐवजी तिथे वीज शोभते.

त्यामुळे माझ्या मते क्रम असा हवा. दळण, पंप, वाहतूक आधी विजेवर. गोळीतला कोक आणि चुनखडी जमेल तितकी कमी. गोळ्या वाळवण्यासारखी कमी तापमानाची कामं, स्वच्छ वीज मिळेल तशी. आणि 1300 अंशांची भट्टी सगळ्यात शेवटी. पण नवा प्लांट बांधताना टॉर्चसाठी जागा आणि वीजजोडणीची सोय आजच ठेवावी. हे प्लांट काही दशकं चालतात, नंतर भिंती फोडणं महागात पडतं.

तर दादा, तुमचे दोन्ही प्रश्न बरोबर होते आणि माझं वाक्य चुकलं होतं. त्या जुन्या एपिसोडच्या खाली दुरुस्ती टाकली आहे. तुमच्यापैकी आणखी कोणी भट्टीजवळ काम करत असेल, तर मी वर मांडलेला क्रम कुठे चुकतोय ते नक्की कळवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.