रात्रीच्या फवारणीला उजेड मागे पाहिजे

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत रात्री आणि पहाटेही ट्रॅक्टरचे आवाज सुरू होतात. पाऊस येऊन गेला, पाने ओली राहिली, केवड्याचे म्हणजे डाऊनीचे वातावरण झाले, की बागायतदार उजाडायची वाट पाहत बसत नाही. रात्री वारा बहुधा पडलेला असतो, मधमाश्याही बाहेर नसतात. तेव्हा रात्रीची फवारणी चूक आहे असे नाही. ती कोणत्या उजेडात होते, हा प्रश्न आहे.

छोट्या ट्रॅक्टरला पुढे दोन दिवे असतात. मागे मडगार्डवर नांगराचा दिवा येतो, मेकॅनिक लोक त्याला प्लाऊ लॅम्प म्हणतात. पण पाहावे तर त्याचा बल्ब तरी गेलेला असतो, नाही तर वायर तुटलेली. मग मालक दुकानातून दोन-चार मोठे दिवे आणतो आणि पुढे बॉनेटवर बसवतो. पुढचे सगळे लख्ख दिसते, काम मात्र मागे चाललेले असते! ब्लोअरचे एक नोझल तुंबले तर ओळीच्या ओळी तेवढ्या पट्ट्यात कोऱ्या राहतात. चालवणाऱ्याला ते कळते टाकी रिकामी झाल्यावर, आणि बागेला कळते आठ-दहा दिवसांनी.

म्हणून पहिला जादा दिवा मागे, ब्लोअरसाठी. तो उंच बसवू नका. मांडवाखाली उंचावरचा दिवा पानांवर आपटतो आणि फवाऱ्याचे धुके पांढऱ्या पडद्यासारखे डोळ्यांसमोर उभे राहते. मडगार्डच्या बाहेरच्या कडेला, खालच्या अंगाला, एकेका बाजूला एक असे दोन दिवे लावावेत आणि तोंड तिरके नोझलकडे करावे. बाजूने उजेड पडला की अंधारात प्रत्येक नोझलचा फवारा वेगळा दिसतो. तुंबलेले नोझल मान वळवल्याबरोबर ओळखू येते. दिवसाउजेडीसुद्धा इतके स्पष्ट दिसत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता ट्रॅक्टरला किती भार झेपतो ते पाहू. हिशेब सोपा आहे. दिव्याच्या वॅटला १२ व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. ५५ वॅटचा एक हॅलोजन साधारण साडेचार अँपिअर खातो. असे चार लावले तर १८ अँपिअर झाले, पुढचे दोन मूळ दिवे धरले तर आणखी नऊ-दहा. लहान ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बेताचाच असतो. त्याच्या पाटीवर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा, आणि इंजिन हळू फिरत असताना तेवढे पूर्ण मिळत नाहीत हेही लक्षात ठेवा. नाही तर पहाटे स्टार्टर नुसता कटकट करतो आणि दोष बॅटरीवाल्याला मिळतो. त्यापेक्षा १८-२० वॅटचे दोन एलईडी दिवे घ्या. दोघांचे मिळून साडेतीन अँपिअरच्या आत भागते. मात्र स्वस्त दिव्याच्या खोक्यावरचे वॅट खरे मानू नका, दुकानातच मीटर लावून अँपिअर मोजायला सांगा. धूळ-पाण्यापासून बचावाचा आयपी ६७ हा दर्जा असलेला दिवा घ्यावा. बोर्डो आणि ताम्रयुक्त औषधे उघड्या जोडाला लागली की तो लवकरच हिरवा पडतो.

वायरिंगमध्ये मात्र कंजुषी नको. हेडलाईटच्या वायरला चिरा मारून नवा दिवा जोडण्याची पद्धत सगळीकडे आहे, ती सोडा. त्यावर चिकटपट्टी गुंडाळली तरी थरथरीने जोड सैल होतो, तापतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज, पुढे १२ व्होल्टचा रिले, तिथून दिवा. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिवा, ८५ ला अर्थ आणि ८६ ला स्विच. स्विचला वीज चावीतून द्यावी, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद. वर सांगितलेल्या दोन एलईडींना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळणारे महाभाग आहेतच. वाळलेल्या उसाच्या पाचटात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला ही गंमत महागात पडते. अर्थची वायर रंग खरवडून स्वच्छ लोखंडाला लावा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच बसवा. सायलेन्सर, लिफ्टचे हात आणि पीटीओ शाफ्ट यांपासून वायर लांब बांधा. पट्टी वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोके सोडवा.

उजेड चांगला झाला म्हणून फिरत्या पीटीओजवळ जाऊ नये. नोझल साफ करायचे तर इंजिन बंद, चावी खिशात, मगच खाली उतरायचे. शाफ्टवरचे कव्हर काढून ठेवलेले असेल तर आधी ते बसवा, दिव्याचे नंतर बघू.

रस्त्याचीही एक गोष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ प्रमाणे वाहनाच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड दाखवता येत नाही. ट्रॅक्टरच्या नांगराच्या दिव्याला त्यात सूट आहे, पण ती शेतात काम करताना अवजाराखालची जमीन दिसावी एवढ्यापुरतीच. मागचा पांढरा दिवा चालू ठेवून डांबरी रस्त्याला लागलेला ट्रॅक्टर पाठीमागच्या मोटारसायकलवाल्याला समोरून येणाऱ्या गाडीसारखा वाटतो. बांध ओलांडण्याआधी स्विच बंद करावा. ब्लोअरने ट्रॅक्टरचे मागचे लाल दिवे झाकले जातात, तेव्हा टाकीच्या पाठीवर दोन लाल रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी छाटणीच्या सुमारास एखाद्या संध्याकाळी चावडीसमोर गावातले ब्लोअर आणि ट्रॉल्या उभ्या करून एवढे रिफ्लेक्टर तपासले, तरी पुष्कळ काम होईल.