इन्सब्रुककडे तोंड केलेलं जंक्शन

पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडला थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि आपण बसल्या जागी उलटे जाऊ लागत असू. पुढे कॉर्ड लाइन झाली. इटलीच्या उत्तर टोकाला, आल्प्समधल्या आयसाक नदीच्या खोऱ्यात फ्रान्झेन्सफेस्टे हे जंक्शन आहे. तिथंही असाच घोळ आहे, पण त्याचं मूळ एका मोडलेल्या साम्राज्यात आहे.

ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुक–बोत्सेन मार्ग १८६७ साली सुरू झाला. पूर्वेच्या पुस्टर खोऱ्यातला फाटा १८७१ साली त्याला मिळाला. सगळा मुलूख ऑस्ट्रियाचा. त्यामुळे फिलाखकडची गाडी सरळ उत्तरेला इन्सब्रुककडे निघावी, असा सांधा घातला गेला. (स्थानकाचं नाव शेजारच्या, १८३८ साली पूर्ण झालेल्या किल्ल्याचं, किल्ल्याचं सम्राट फ्रान्झचं.)

पहिल्या महायुद्धानंतर सरहद्द ब्रेनरवर आली आणि हा भाग इटलीत गेला. कचेऱ्या, बाजार, कामधंदा दक्षिणेला बोत्सेनकडे; रूळ मात्र होते तिथंच राहिले. पुस्टर खोऱ्यातल्या माणसानं बोत्सेनला जायचं तर आधी उत्तरेला फ्रान्झेन्सफेस्टे गाठायचं आणि तिथून उलट फिरायचं. नकाशे बदलायला एक तह पुरतो. सांधा बदलायचं काम शंभर वर्षांनंतर हाती घेतलं गेलं. आता पुस्टरच्या गाड्या थेट ब्रिक्सेनकडे नेणारा साडेतीन किलोमीटरचा जोडमार्ग बांधला जातो आहे. मग इथं उतरणार कोण, हा स्थानकापुढचा प्रश्न. ५५ किलोमीटरच्या ब्रेनर बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड मात्र याच गावी उघडणार आहे.