बसण्याची किंमत

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघी मैत्रिणी एका मॉलमधल्या ‘इराणी’ थीमच्या कॅफेत भेटलो. तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, बरण्यांत बिस्किटे, भिंतीवर कुणाच्या तरी आजी-आजोबांचे फ्रेम केलेले फोटो आणि बंद पडलेले एक मोठे घड्याळ. सगळे अगदी हुबेहूब. चहा झाला, एक कॅरॅमल कस्टर्ड चौघींत चार चमच्यांनी संपले, आणि कॉलेजच्या आठवणी नुकत्या रंगात येत होत्या तोच न मागता बिल आले. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. पस्तीस मिनिटे झाली होती. “सावकाश द्या मॅडम,” असे तो मुलगा म्हणाला खरा, पण दोनच मिनिटांत परत येऊन उभा राहिला.

त्याचा दोष नव्हता. दाराशी माणसे ताटकळत होती. पण घरी जाताना एक प्रश्न डोक्यात बसला तो उठेना. कॉलेजात असताना आम्ही याच चौघी दादरच्या एका कोपऱ्यावरच्या इराण्याकडे एकेका चहावर दोन-दोन तास काढत होतो. त्याला ते कसे परवडत होते? आणि त्याच्यासारख्याच खुर्च्या मांडलेल्या या कॅफेला का परवडत नाही? मी काही अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही. जुनी दुकाने आणि त्यांतल्या वस्तू यांचा नाद आहे, तो वही-पेन घेऊन पुरवते, इतकेच. तरी या एका प्रश्नामागे वर्षभर हिंडले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते.

काम करणाऱ्या वस्तू

मुंबई-पुण्याचे इराणी मुख्यतः यझ्द आणि केरमान या भागांतून आलेले. त्यांत झरतुष्ट्री होते, तसेच मुसलमानही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला ते मोठ्या संख्येने आले. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. कारण काही असो, कोपऱ्याला दोन रस्ते लागतात, दोन्हीकडून उजेड आणि वारा येतो, आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक येते.

आत शिरल्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू कसले ना कसले काम करी. संगमरवरी टेबलावर चहा सांडला तरी ओले फडके फिरवले की झाले. कापड अंथरायला नको, धुवायला नको. भिंतीवरच्या आरशांमुळे जागा मोठी वाटे आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता सगळी टेबले दिसत. खुर्चीची कथा तर विलक्षण आहे. मिखाएल थोनेट या कारागिराने १८५९ साली व्हिएन्नात जी ‘१४ नंबरची’ खुर्ची आणली, तिच्या घराण्यातली ही खुर्ची. वाफेवर मऊ करून वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा तुकडे आणि थोडे स्क्रू, एवढाच तिचा संसार. सुटे भाग केले तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणूनच ती बोटीने जगभर स्वस्तात पोचली. हलकी, टिकाऊ आणि वर्षानुवर्षे लोकांचे वजन सोसणारी. इराण्याने ती शोभेसाठी घेतली नव्हती.

मनाईचे फलकही असेच. इराण्याच्या भिंतीवर काय काय करू नये याची यादी असे. धोबी तलावच्या बस्तानीमधल्या अशा फलकावरून निसीम इझिकेल यांनी १९७२ साली एक इंग्रजी कविता केली. बस्तानी आता बंद झाले, कविता राहिली. आपण त्या याद्यांना हसतो, पण नीट विचार केला तर तो एक पुरावा आहे. लोक तासन्‌तास बसत असल्याशिवाय त्यांना इतक्या गोष्टींची मनाई करावी लागत नाही.

आज हीच खुर्ची, हाच आरसा, हाच फलक थीम कॅफेत येतो तेव्हा त्याचे काम संपलेले असते. संगमरवराच्या नकलेवर टेबलक्लॉथ अंथरलेला असतो. फलकावरचे नियम पाळायचे नसतात, त्यांच्यासमोर फोटो काढायचा असतो. वस्तूचे काम गेले आणि रूप उरले की थीम तयार होते. लंडनला कोव्हेंट गार्डनमध्ये २०१० साली ‘डिशूम’ सुरू झाले, गुडगावला २०१३ साली ‘सोडाबॉटलओपनरवाला’. दोन्ही जुन्या इराण्यांच्या आठवणीवर उभी आहेत आणि दोन्ही लोकप्रिय झाली. डिशूमची ओळख बनलेला पदार्थ म्हणजे चोवीस तास शिजवलेली काळी डाळ. ती काही आमच्या इराण्याकडे मिळत नसे. तिथल्या दाराबाहेर रांग लागते, हेही आमच्या इराण्याला अनोळखीच.

खुर्चीचा तास

आता मूळ प्रश्न. इराण्याला दोन तासांची बैठक कशी परवडे?

पहिले उत्तर गल्ल्याशेजारी होते. बहुतेक इराणी नुसते हॉटेल चालवत नसत. दर्शनी भागात साबण, ब्लेड, अंडी, पाव, बिस्किटे विकत. अनेकांची स्वतःची बेकरी असे. बसणाऱ्याच्या चहावर नाही सुटले, तरी उभ्या उभ्या पाव घेऊन जाणाऱ्यावर सुटे.

दुसरे उत्तर कायद्यात आहे, आणि मला वाटते तेच मोठे. मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली आला. त्याने दुकानांसह सगळ्या जुन्या जागांचे ‘प्रमाण भाडे’ ठरवले, आणि त्यासाठी तारीख धरली १ सप्टेंबर १९४०. म्हणजे महागाई कितीही वाढो, जुन्या भाडेकरूचे भाडे जवळजवळ तिथेच गोठलेले. ही स्थिती पन्नास वर्षांहून अधिक टिकली. सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने दरसाल ४ टक्के वाढीला परवानगी दिली. आमचा दोन तासांचा चहा इराण्याच्या दिलदारीवर चालला होता यात शंका नाही. पण त्या दिलदारीचे भाडे घरमालक भरत होता.

नव्या कॅफेचे गणित वेगळे. ते बहुधा लीव्ह अँड लायसन्सवर जागा घेते. मॉलमध्ये तर किमान ठरलेली रक्कम किंवा विक्रीतला ठराविक हिस्सा, यांतले जे जास्त असेल ते द्यावे लागते. भाडेकरूला मिळणारे संरक्षण तिथे नाही. शिवाय १९९९ च्या कायद्याने बँका आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांनाही त्या संरक्षणातून वगळले आहे.

समजा, एका कॅफेत ४० खुर्च्या आहेत आणि ते रोज १० तास उघडे असते. म्हणजे विकायला ४०० ‘खुर्ची-तास’ आहेत. भाडे, पगार, वीज मिळून रोजचा खर्च २०,००० रुपये धरला, तर रिकाम्या खुर्चीचाही तासाचा खर्च ५० रुपये पडतो. दिवसभरात निम्म्याच खुर्च्या भरल्या, तर भरलेल्या प्रत्येक खुर्चीने तासाला १०० रुपये कमवायला हवेत, तेही दूध-साखरेचा खर्च वजा जाता. असा हिशोब करण्याची रीत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रशुद्ध मांडली. तेव्हापासून हॉटेलवाले टेबलाऐवजी खुर्चीचा तास मोजू लागले. पस्तिसाव्या मिनिटाला आमच्यापुढे आलेले बिल याच हिशोबातून आले होते.

मग थीमचे काम काय? तर चहाची किंमत वाढवायला सबब देणे. नुसत्या चहाला कुणी तिप्पट पैसे देणार नाही, ‘अनुभवा’ला देईल. डेझर्ट पार्लरची युक्ती आणखी साधी आहे. आइस्क्रीम वितळते, वॉफल मऊ पडते. गिऱ्हाईक घाईने खाते आणि आपणहून उठते, घड्याळ दाखवावे लागत नाही. चर्चगेटच्या के. रुस्तमचे सँडविच आइस्क्रीम, दोन बिस्किटांमध्ये धरलेली ती वडी, लोक पिढ्यान्‌पिढ्या फुटपाथवर उभे राहून खात आले आहेत. तिथे खुर्चीचा प्रश्नच येत नाही.

काही ठिकाणी हा व्यवहार उघडपणे होतो. पहिले मांजर-कॅफे १९९८ साली तैपेईला निघाले आणि पुढे ती टूम जपानात फोफावली. भाड्याच्या घरात प्राणी पाळायला बंदी असलेली माणसे तिथे मांजरांच्या सहवासासाठी जातात आणि पैसे वेळेप्रमाणे देतात. मॉस्कोला २०११ साली ‘त्सिफरब्लात’ नावाचे ठिकाण निघाले. या शब्दाचा अर्थच घड्याळाची तबकडी. चहा, कॉफी, बिस्किटे फुकट आणि पैसे मिनिटांचे. २०१४ साली त्यांची लंडनची शाखा उघडली तेव्हा दर मिनिटाला ३ पेन्स होता. मला हा प्रकार आधी रुक्ष वाटला. आता वाटते, निदान तो प्रामाणिक आहे.

कोण बसू शकते?

इथवर आल्यावर इराण्याची आरती ओवाळून थांबणे सोपे होते. पण आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

बाहेर बसून चहा पिणे आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. त्यानंतर चौदाच वर्षांनी कयानी उघडले. कोण कुणाच्या हातचे पितो हा प्रश्न जिवंत असताना इराण्याकडे पैसे टाकणाऱ्याला जात विचारली जात नसे. पुढे १९५० साली संविधान अमलात आले, आणि दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही, हे कलम १५ मध्ये लिहिले गेले. हॉटेलातली खुर्ची संविधानात येते ती उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या अनुभवाची. त्याच कलमात ‘लिंग’ हा शब्द आहे, पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही चौघी इराण्याच्या खालच्या हॉलमध्ये कधी बसलो नाही. खाली पुरुष, वर्तमानपत्रे आणि सिगारेटचा धूर. आम्ही पाय टाकला की पोऱ्या न विचारता बोट वर करी: “फॅमिली रूम.” लाकडी जिना, अर्धवट पडदा, एक कुरकुरणारा पंखा. त्या पडद्याआड आम्ही दोन तास हसलो-रडलो. त्या जागेची मी ऋणी आहे, पण तो पडदा होता हे विसरणार नाही. मॉलमधल्या त्या कॅफेत आम्ही बरोबर मधोमध बसलो होतो आणि कुणी मान वळवून पाहिले नाही. हे नव्या कॅफेने दिले आहे, ते मान्य केलेच पाहिजे.

मात्र त्याने पडदा काढून उंबरठा वाढवला. त्या भेटीनंतर आमच्यातली एक जण येईनाशी झाली. कधी गुडघा, कधी पाहुणे. मार्च महिन्यात मी तिच्या घरी गेले तेव्हा तिने सरळ सांगितले, “अगं, पेन्शन नाही मला. तुम्ही बिलाचे चार भाग करता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आणि तुम्ही माझे भरलेत तर तेही नको.” पस्तीस वर्षांची मैत्री, आणि हे आमच्या लक्षात आले नव्हते. खुर्चीच्या तासाचा हिशोब मी वहीत मांडला, पण तो माझ्या मैत्रिणीने माझ्या आधी केला होता.

जुने इराणी परत येणार नाहीत. कोपऱ्याची किंमत इतकी वाढली की दुकान चालवण्यापेक्षा पागडी घेऊन ते सोडणे वारसांना परवडू लागले. ज्या गोठलेल्या भाड्याने त्यांना तगवले, त्यानेच बाहेर पडण्याचा मोह मोठा केला. अनेकांची पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायांत गेली. एकेकाळी मुंबईत शेकड्यांनी असलेली ही ठिकाणे आता सहज मोजता येतात.

पण काही उरली आहेत. एप्रिलपासून आम्ही चौघी महिन्यातून एकदा त्यांतल्या एकाकडे जातो. वेळ दुपारी तीनची. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. खुर्च्या रिकाम्याच असतात, तेव्हा आपण त्याचे नुकसान करत नाही. चार चहा, दोन ब्रून मस्का, आणि निघताना प्रत्येकीने घरासाठी पाव किंवा खारी घ्यायची. ती अट आमच्या त्याच मैत्रिणीने घातली. तिचे म्हणणे, तेवढी आपली बैठक वसूल झाली पाहिजे. आम्ही खालच्या हॉलमध्ये बसतो. गेल्या महिन्यात पावणेपाच झाले, तरी बिल आले नव्हते. शेवटी तिनेच हात वर करून मागवले.