‘निगेटिव्ह’ घोडा

घोड्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे जनावर निरोगी, हा समज इतका पक्का आहे की सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात देवमणासारखे शुभ-अशुभ भोवरे निरखून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचीही रिपोर्टवरची तारीख वाचायची राहून जाते. खरे तर तारखेशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचेच पाहा. एचआयव्हीच्याच गटातल्या विषाणूमुळे होणाऱ्या या रोगासाठी लेरॉय कॉगिन्स यांनी 1970 च्या सुमारास शोधलेली चाचणी आजही जगभर प्रमाण मानली जाते. ती विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी शोधते. त्या तयार व्हायला बहुधा 45 दिवसांपर्यंत आणि क्वचित त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आजचा निगेटिव्ह रिपोर्ट बोलतो तो काही आठवड्यांपूर्वीच्या घोड्याबद्दल. गेल्या पंधरवड्यात लागण झाली असेल, तर ती त्यात बहुधा दिसणार नाही.

उलट तक्रारही असते: घोडा धडधाकट आहे, खातोपितो, धावतो, मग पॉझिटिव्ह कसा? प्रयोगशाळेचेच चुकले असणार! पण या रोगात ताप येऊन ओसरतो आणि विषाणू रक्तातल्या पेशींत जन्मभर दडून राहतो. त्याला घालवणारे औषध नाही. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या आणि अनेक घोड्यांना टोचलेली एकच सुई, एवढ्यावर तो शेजारच्या ठाणापर्यंत पोचतो. त्यामुळे तब्येतीवरून रिपोर्ट खोटा ठरवणे धोक्याचे आहे. शंका घ्यायला जागा आहे ती वेगळीच. एलायझा ही अँटीबॉडीचीच दुसरी चाचणी जास्त संवेदनशील असल्याने कधी उगाच पॉझिटिव्ह येते, म्हणून तिचा निकाल कॉगिन्स चाचणीने पडताळतात. शिवाय बाधित घोडीच्या चिकातून शिंगराला अँटीबॉडी मिळतात. त्या काही महिने टिकतात, तेव्हा लागण नसलेले शिंगरूही पॉझिटिव्ह येऊ शकते.

घोड्यांच्या इन्फ्लुएंझात हे गणित फिरते. इथे अँटीबॉडी जुन्या लागणीच्या किंवा लसीच्याही असू शकतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन अँटीबॉडींचे प्रमाण चौपट वाढले का ते पाहतात. विषाणू स्वतः सापडतो नाकाच्या स्वॅबमध्ये, पीसीआरने, तोही आजाराच्या पहिल्या काही दिवसांत. 2008 मध्ये जम्मूतल्या कटऱ्यापासून पसरलेल्या एच3एन8 इन्फ्लुएंझाच्या साथीसारख्या प्रसंगी स्वॅब उशिरा घेतला, तर आजारी खेचरही निगेटिव्ह ठरू शकेल.

मग एवढ्या अटी असतील तर चाचणीवर पैसे का घालवायचे, असे कोणी विचारेल. लक्षणे नसलेला वाहक घोडा ओळखायला दुसरा मार्गच नाही, म्हणून. नवा घोडा आणलात तर तो वेगळा बांधा, त्याची सुई वेगळी ठेवा आणि साठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासून घ्या.