ऊष्मीय प्रतिमादर्शकातील द्वितीयक विद्युत् घट
पदार्थांपासून उत्सर्जित होणारे अवरक्त प्रारण टिपून अंधारात त्यांची दृश्य प्रतिमा दाखविणाऱ्या उपकरणास ऊष्मीय प्रतिमादर्शक म्हणतात. अग्निशमन, सीमेवरील पहारा, वन्य प्राण्यांचे निरीक्षण व विद्युत् जोडण्यांची तपासणी यांसाठी त्याचा उपयोग होतो. हातात धरावयाच्या उपकरणांत बहुधा सूक्ष्मबोलोमीटरांची जाळी असते व ती सु. ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या प्रारणास प्रतिसाद देते. साध्या दुर्बिणीस विद्युत् शक्ती लागत नाही. येथे मात्र अभिज्ञातक, संकलित मंडले व पडदा यांना ती अखंड पुरवावी लागते. घट लवकर संपत असल्याने पुन्हा विद्युत् भारित करता येणारे द्वितीयक घट काटकसरीचे ठरतात. तथापि आकार जुळला म्हणजे विद्युत् दाबही जुळतो असे नाही. अनेक धोके यातूनच उद्‌भवतात.

विद्युत् दाबातील तफावत : कित्येक उपकरणे सीआर १२३ए या प्राथमिक लिथियम घटांवर चालतात. या घटाचा व्यास सु. १७ मिमी., लांबी ३४.५ मिमी. व नाममात्र दाब ३ व्होल्ट असतो. १६३४० या क्रमांकाचा लिथियम-आयन घट जवळजवळ याच आकाराचा आहे; परंतु पूर्ण भारित अवस्थेत त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. असे दोन घट एकसरीत बसविल्यास ६ व्होल्टांऐवजी ८.४ व्होल्ट दाब मिळतो व तो सहन करण्याची सोय नसलेली मंडले कायमची निकामी होऊ शकतात. १.५ व्होल्टच्या अल्कली घटाऐवजी त्याच आकाराचा १४५०० हा लिथियम-आयन घट वापरल्यास दाब दुपटीहून अधिक होतो. याउलट निकेल-धातू हायड्राइड घटाचा नाममात्र दाब १.२ व्होल्टच असतो. त्याने मंडलास इजा होत नाही, पण उपकरण अकाली बंद पडू शकते. धुरात माणसांचा शोध घेणाऱ्या जवानास हेही घातक ठरू शकते.

घटातील बिघाड : लिथियम-आयन घटातील विद्युत् विच्छेद्य ज्वालाग्राही कार्बनी विद्रावकात असते. अतिभारण, आघात किंवा अग्रे धातूने परस्परांस जोडली जाणे यांमुळे घट तापतो. उष्णतेने आतील विक्रिया वेगावतात व त्यांतून आणखी उष्णता निर्माण होऊन अखेर घट पेट घेतो अथवा फुटतो. एकसरीतील घट कमीअधिक भारित असल्यास दुर्बल घट प्रमाणाबाहेर रिता होऊन त्याची ध्रुवता उलटू शकते. संरक्षक मंडल जोडलेला घट किंचित लांब असतो. तो खोबणीत बळाने दाबून बसविल्यास इजा पावतो. थंडीत घटाची धारकता घटते. ०° से. खाली तो भारित केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते व पुढे घटाच्या आतच अग्रांचा संपर्क होण्याचा धोका राहतो.

दक्षता : उत्पादकाने दिलेली कमाल दाबमर्यादा पूर्ण भारित घटांच्या एकूण दाबाशी ताडून पाहावी, वेष्टनावरील नाममात्र दाबावर विसंबू नये. लिथियम-लोह फॉस्फेट घटाचा नाममात्र दाब ३.२ व्होल्ट असल्याने तो प्राथमिक घटास अधिक जवळचा आहे, मात्र ४.२ व्होल्टच्या भारकावर तो लावू नये. प्राथमिक घट कधीही भारित करू नयेत. एकसरीत एकाच प्रकारचे, सारख्या वयाचे व सारखे भारित घट वापरावेत. फुगलेले वा ठेचलेले घट वापरातून काढावेत आणि सुटे घट अग्रे झाकून ठेवावेत. विमानप्रवासात सुटे लिथियम घट सामानकक्षात न देता प्रवाशाने स्वतःजवळ बाळगावयाचे असतात.