पायातल्या नीला आणि त्यांच्या झडपा

फळ्यावर आकृती काढताना आपण रोहिणी लाल खडूने दाखवतो आणि नीला निळ्या. निळी रेघ पायापासून हृदयापर्यंत नेली की धडा संपतो. त्या रेघेत खरे काय घडते, ते मात्र सांगायचे राहून जाते.

उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंतचे अंतर साधारण 120 सेंटीमीटर धरू. एवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या 88 मिलिमीटर भरतो. रक्त पाण्याहून किंचित जड, म्हणून नव्वदच्या थोडा वर. रोहिणी आणि नीला मिळून इंग्रजी यू अक्षरासारखी भरलेली नळी होते, त्यामुळे निश्चल उभे राहिलो तरी रक्त वर जातच राहते. पण घोट्याजवळच्या नीलेवर हा सगळा दाब पडून असतो. चालू लागलो की तोच दाब तिसाच्या आसपास उतरतो. हे काम पोटरीचे. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडले की कातडीखालच्या वरवरच्या नीलांतले रक्त जोडनीलांवाटे आत येते.

पिळलेले रक्त खाली का घसरत नाही? नीलांत पातळ पडद्यांच्या झडपा असतात. इटलीतील पादुआ येथील फाब्रिसियुस यांनी 1603 साली त्यांवर पुस्तिका लिहिली, पण झडपा रक्ताचा पायाकडे जाणारा लोंढा अडवतात असे त्यांना वाटले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये खरी दिशा दाखवली. त्यांचा प्रयोग वर्गात करता येतो. हात खाली सोडा. मागच्या बाजूच्या शिरा फुगतील. एका शिरेवर बोटांकडच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराच्या दिशेने पुसत न्या. दुसरे बोट उचलले, तरी झडपेखालचा तुकडा रिकामाच राहतो. पहिले उचलताच तो खालून भरतो. (बारीक, शिरा दिसणाऱ्या हातांचा विद्यार्थी निवडावा.)

आता जांघेतली एखादी झडप निकामी झाली असे समजा. मांडीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या लांब वरवरच्या नीलेत रक्त उलटे उतरते. नीला ताणून रुंद होते, मग खालच्या झडपेचे पडदे एकमेकांना टेकेनासे होतात, आणि बिघाड पायरीपायरीने खाली येतो. याच फुगलेल्या, नागमोडी शिरांना डॉक्टर व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आनुवंशिकता, वय, गर्भारपण, लठ्ठपणा आणि तासन् तास एका जागी उभे राहणे ही कारणे त्यामागे असतात. शेवटचे कारण आम्हा शिक्षकांच्या ओळखीचे आहे.

रक्त 'खराब' झाल्याने शिरा फुगतात, हा समज चुकीचा आहे. दाब उतरत नाही, एवढीच गोष्ट. त्या दाबाने तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतील लोहामुळे घोट्याजवळची कातडी काळपट होते, खाज सुटते आणि पुढे जखम होते. अशा जखमेवर माणसे महिनोन् महिने मलम बदलत बसतात. दाब तसाच राहिला तर जखम भरली तरी पुन्हा उघडते.

म्हणून उपचार दाबावर हवेत. घोट्याशी अधिक घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे उपयोगी पडतात; मात्र पायाच्या रोहिणी अरुंद झाल्या असतील तर ते घातक ठरू शकतात, म्हणून आधी तपासणी हवी. कोणती झडप गळते ते डॉप्लर सोनोग्राफीत दिसते. पूर्वी गळकी नीला ओढून काढत. आता बहुधा लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने, नाहीतर औषधाचा फेस टोचून ती आतून बंद करतात.

नीलाच बंद केली तर रक्त जाणार कुठून, असे रुग्ण हमखास विचारतात. पायातले बहुतेक रक्त खोल नीलांतूनच वर जाते. गळकी नीला ते पुन्हा खाली आणत होती. बायपास शस्त्रक्रियेत हृदयासाठी पायातली हीच लांब नीला काढून वापरतात आणि पाय चालत राहतो. खोल नीला गुठळीने बंद असतील तर मात्र हा हिशोब बदलतो. एकाच पोटरीला अचानक सूज व वेदना आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर माणसाला आडवे करावे, पाय हृदयाहून उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागा दाबून ठेवावी आणि दवाखान्यात न्यावे. मांडीला दोरी आवळू नये. तिने नीलेतले रक्त अडते आणि खाली दाब वाढतो.